मेलेल्या भाडेकरूची खोली

रविवारी सकाळी साडेसातला परळच्या पुलाखाली वीस-पंचवीस माणसं जमतात. पायात पांढरे बूट, पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. ही माणसं याच शहरात राहतात आणि सुट्टीच्या दिवशी लवकर उठून हेच शहर बघायला येतात. त्यांना ते दाखवतो मी. निवृत्त कारकून, वय बासष्ट, डावा गुडघा अधू, आवाज मात्र खणखणीत. बायको म्हणते, घरात तुमचं कोणी ऐकत नाही म्हणून रस्त्यावर जाऊन बोलता. खोटं नाही ते.

मी काय दाखवतो? फुटपाथच्या लाद्यांमध्ये कमरेपर्यंत गाडला गेलेला मैलाचा दगड दाखवतो. त्याला टेकून एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. मॉलच्या तळघरात, गाड्या लावतात तिथे, गिरणीची एक भिंत चुकून शिल्लक राहिली आहे, तीही दाखवतो. घोड्यांना पाणी पाजायची दगडी कुंडी आहे, आता तिच्यात तुळस लावली आहे. आधी मी गिरगावातल्या गल्ल्या दाखवायचो. तिथे माझ्यासारखे माहितगार पन्नास निघाले. मग या रविवारच्या फेऱ्या भरवणाऱ्या आयोजक बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही गिरणगावातले ना? तिकडचं काहीतरी दाखवा. कोणी न बघितलेलं."

कोणी न बघितलेलं. तिथेच माझं डोकं फिरलं.

इथून पुढे मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. गावाचं नाही, चाळीचं नाही, माणसाचं तर नाहीच. एक नाव मी एकदा जिथे घ्यायचं नव्हतं तिथे घेतलं, आणि त्यापायी काय झालं तेच सांगायला बसलोय. आता कानाला खडा.

आमचं गाव कोकणातलं. गावातले बापये गिरणीत लागले तेव्हा लालबागच्या एका चाळीत गावाने एक खोली घेतली. एका माणसाची नव्हे, गावाची. दहा बाय बाराची खोली आणि तिच्यावर हक्क चाळीस जणांचा. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, एकावर एक, छतापर्यंत. ज्याची पेटी तो खोलीचा माणूस. प्रत्येकाला दोन खुंट्या आणि झोपायला एका चटईची जागा. दिवसपाळीवाले रात्री झोपायचे, रातपाळीवाले दिवसा. माझे वडील गावाहून आले ते थेट या खोलीत. लग्न झाल्यावर त्यांनी शेजारच्या चाळीत बिऱ्हाड केलं, मी तिथे जन्मलो. पण त्यांची पेटी शेवटपर्यंत गावाच्या खोलीतच राहिली, खिडकीपासून तिसरी. पेटी उचलली म्हणजे माणूस गावातून उठला, असा हिशेब होता.

खोलीची भाडेपावती मात्र एकाच माणसाच्या नावाने फाटायची. सगळ्यांत आधी मुंबईला आलेला गावकरी तो. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. मी शाळेत असताना तो वारला आणि खोलीत बैठक बसली. वडिलांनी मलाही नेलं होतं, पेटीवर बसून मी सगळं ऐकलं. प्रश्न एकच, पावती आता कोणाच्या नावावर करायची? कोणी नाव पुढे करेना. कारण पलीकडच्या चाळीत दुसऱ्या एका गावाची अशीच खोली होती. तिथे पावती ज्याच्या नावावर झाली, त्याच्या पोरांनी वर्षभरात गावाच्या पेट्या गॅलरीत काढून ठेवल्या होत्या. आपल्यात तसं होणार नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? शेवटी एक म्हातारा जॉबर, गिरणीतला मुकादम, विडी विझवून म्हणाला, "मेल्याच्याच नावार ऱ्हवांदे. तो कोणाक फसवूचो नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं. त्या दिवसापासून आमच्या खोलीचा भाडेकरू एक मेलेला माणूस.

फक्त एक अडचण होती. घरमालकाचा माणूस दर महिन्याला खाली चौकात उभा राहून एकेकाला नावाने हाक मारायचा आणि पावती द्यायचा. त्या नावाला ओ देणारा कोणीतरी हवा होता. ते काम आलं माझ्या काकांवर. सख्खे नव्हेत, वडिलांचे चुलतभाऊ, तेव्हा पंचविशीतले, लग्न न केलेले, पुढेही केलं नाही. चौकातून हाक आली की काका कठड्यावरून वाकून ओरडायचे, "हजर!" गिरण्या बंद पडल्या, घरमालकाची माणसं बदलली, पेट्यांवर धूळ चढली, चाळीसांतले बहुतेक जण गावाला तरी गेले नाहीतर वर तरी गेले. काका तिथेच राहिले, एका इमारतीत वॉचमनची नोकरी करत. आणि दर महिन्याला मेलेल्या माणसाच्या नावाने हजर.

आता कोणी म्हणेल, पेट्यांची धूळ सांभाळायला एवढा खटाटोप कशाला? तर सांगतो. परळला मोठमोठी हॉस्पिटलं आहेत. गावात कोणाच्या घशात गाठ आली, कोणाच्या पोराच्या रक्तात काही निघालं, की गाडी धरायची आणि खोलीवर यायचं. कोणाला विचारायचं नाही, आधी कळवायचं नाही. दाराची कडी आतून कधी लागत नसे. काका पेशंटला पेज करून घालायचे, कागदांवरचा नंबर वाचून कुठल्या मजल्यावर जायचं ते समजावायचे. बाईमाणूस असलं की स्वतः गॅलरीत चटई टाकायचे. वर्षातून पंधरावीस कुटुंबं तरी या खोलीच्या जिवावर उपचार पूर्ण करून जायची. खोली गेली तर ही माणसं फुटपाथवर, एवढं साधं गणित होतं. आणि ते मला ठाऊक होतं. मी अजाण नव्हतो, हे आधीच लिहून ठेवतो.

चाळीच्या पुनर्विकासाचा बोर्ड गेटवर लागला होता, तोही मी वाचला होता. सर्व्हे होणार, प्रत्येक खोलीत कोण राहतं ते तपासणार, पात्र कोण आणि अपात्र कोण याची यादी लागणार. गावाने बैठक घेऊन ठरवलं, काका नेहमीसारखे हजर म्हणतील. पात्र ठरले की नव्या इमारतीतली खोली पुन्हा गावाची. काकांचे कागदही त्याच नावाचे करून झाले होते. कायद्यात बसतं का? नाही बसत. पण चाळीस माणसांच्या नावाने पावती फाडायची सोय कुठल्या कायद्यात होती, तेही मला कोणीतरी सांगावं.

हे सगळं माहीत असताना मी रविवारची माणसं घेऊन त्या चाळीत गेलो.

पहिले काही रविवार खाली चौकातूनच बोललो. वर बोट करून सांगायचं, ती खिडकी बघा, तिथे चाळीस माणसं राहायची. लोक "ओह" म्हणायचे. मग एक-दोघं म्हणायला लागले, आतून बघता नाही येणार? मला काय, नेलं वर. काका तांदूळ निवडत होते. दारात इतके बूट बघून म्हणाले, "हे कोण रे इले?"

"खोली बघायला आलेत, काका."

"खोली? हय काय जत्रा आसा?"

लोकांना तेसुद्धा आवडलं. मी हसून वेळ मारून नेली. काकांनी सगळ्यांना पाणी दिलं, कोणीही येवो, पाणी दिल्याशिवाय ते राहायचे नाहीत. आत भिंतीकडेला एक पेशंट पडला होता, मानेला पट्टी. एवढी माणसं बघून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी ते बघितलं. बघितलं आणि बोलत राहिलो. पेट्या, खुंट्या, ग्रामदेवतेचा फोटो, दोन पाळ्यांतली झोप.

त्या दिवशी एक चष्मेवाला होता. बरा माणूस, शिकलेला. माझं बोलणं संपायच्या आतच त्याने मोबाइल काढला आणि शेजारणीला म्हणाला, "म्हणजे एक टाइपचं हॉस्टेलच ना." एवढंच. वाईट बोलला नाही काही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्टेल? अरे, माझ्या बापाची पेटी आहे इथे! तुला काय माहीत इथे काय आहे ते! मला त्या माणसाचा मोबाइल खाली ठेवायला लावायचा होता. त्याला हे सगळं चांगलं वाटायला हवं होतं, मोठं वाटायला हवं होतं. आणि माझ्याकडे हुकमाचं पान होतं.

मी म्हणालो, "या खोलीचा भाडेकरू कोण आहे सांगू? एक मेलेला माणूस."

सगळे वळले. चष्मेवाल्याने मान वर केली. मग माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. बैठक सांगितली, म्हाताऱ्या जॉबरची नक्कल केली, काका पन्नासेक वर्षं दुसऱ्याच्या नावाने जगतायत ते सांगितलं. लोक थक्क. दोघातिघांनी मोबाइल माझ्याकडे रोखले. काका तेव्हा गॅलरीत होते, आमच्याकडे पाठ, तांदळाचे खडे खाली टाकत होते. मला काय बुद्धी सुचली! मी आवाज चढवून, घरमालकाच्या माणसासारखा हेल काढून, त्या मेलेल्या माणसाचं नाव पुकारलं. आडनावासकट.

काका न वळता ओरडले, "हजर!"

काय हशा पिकला! टाळ्या वाजल्या. एक बाई तर डोळे पुसत होती हसून हसून. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यांदा. काका वळले. त्यांनी आधी माणसांकडे बघितलं, मग मोबाइलांकडे, मग माझ्याकडे. आत येऊन त्यांनी पेशंटच्या अंगावरची चादर सारखी केली.

लोक जिना उतरून गेल्यावर म्हणाले, "मेल्या, तां काय सांगूचां असता?"

"काका, कोण आपल्या वाटेला जातंय? रविवारची गंमत आहे. घरी जाऊन जेवतील आणि विसरतील."

"इसारतले," ते म्हणाले. मला वाटलं त्यांना पटलं.

विसरले नाहीत. आयोजक बाईंनी तो व्हिडिओ टाकला, त्याला नाव काय तर म्हणे गिरणगावातला अमर भाडेकरू. बघणाऱ्यांचा पाऊस पडला. माझ्या भाच्याने पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, डॉक्टरकडे गेलो तर कंपाउंडर म्हणाला, तुम्हीच ना ते? खोटं कशाला बोलू, मी आठ दिवस हवेत होतो. आयुष्यभर फायलींना नंबर घालणाऱ्या माणसाला रस्त्यात कोणी ओळखलं की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

दोन महिन्यांनी सुनावणी लागली. बिल्डरचं ऑफिस म्हणजे पूर्वीची गिरणीच, बाहेरून काच लावलेली. गावच्या मंडळाचे अध्यक्ष आले होते, आणखी दोघं होते, आणि काका. नवा सदरा घालून, दाढी करून आले होते. मीही गेलो, कारण तिथे कोणाला इंग्रजी वाचायला लागलं तर मी असावा असं मला वाटलं. टेबलामागे एक तरुण अधिकारी होता, फार अदबीने बोलत होता. त्याने यादीतलं नाव वाचलं. काका खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हजर."

त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.

माझा आवाज. त्या गार खोलीत माझा तो खणखणीत आवाज. "एक मेलेला माणूस," आणि मग हेल काढलेली ती हाक, काकांची पाठ, "हजर," आणि तो हशा. काका उभेच होते. अधिकाऱ्याने व्हिडिओ थांबवला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बसा." मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्हीच ना, सर?" त्याला ते आवडलंही होतं बहुतेक.

मी म्हणालो, ती गंमत होती, गोष्ट रंगवून सांगितली. तो म्हणाला, मग खरं काय ते लेखी द्या. खरं काय लिहिणार होतो? पेन हातात धरून बसलो तसाच. काका म्हणाले, "चल रे." मला नाही, अध्यक्षांना म्हणाले.

पंधरा दिवसांनी चौकातल्या फळ्यावर यादी लागली. आमच्या खोलीसमोर अपात्र.

आमच्या गावात शिव्या देतात. भरभरून देतात, प्रेमाने, रागाने, उठता-बसता. शिवी दिली म्हणजे माणूस आपला. मी वाट बघत होतो, कोणीतरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, कॉलर धरावी. कोणी काही बोललं नाही. अध्यक्षांना फोन केला तर म्हणाले, "बोला." आयुष्यभर ते मला अरे-तुरे करत आले होते. ते 'बोला' मला कुठल्याही शिवीपेक्षा झोंबलं.

मी आयोजक बाईंना म्हणालो, तो व्हिडिओ काढा. त्या म्हणाल्या, "सर, पण लोकांना खूप आवडलाय तो." तीन वेळा सांगितल्यावर काढला. तोवर तो जाऊन कुठे कुठे पोचला होता. वकील गाठला, अर्ज केले, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, गावाच्या खोल्या हा या शहराचा वारसा आहे वगैरे. माझं पत्र चांगलंच होतं. त्यातला एकही शब्द कोणाच्या कामाला आला नाही.

खोली रिकामी करायच्या दिवशी गावाहून टेम्पो आला. ज्याची त्याची पेटी ज्याच्या त्याच्या पोराने उचलली. मी पोचेपर्यंत वडिलांची पेटी गॅलरीत काढून ठेवली होती, एकटीच. तिच्यावरची धूळ पुसलेली होती, ती काकांनीच पुसली असणार. काका टेम्पोत पुढे बसले. मी काचेपाशी गेलो, म्हटलं, काका, माझ्याकडे राहा, दादरला. ते म्हणाले, "बरां आसा ना?" कोणीही रस्त्यात भेटला की म्हणतात, तसं. टेम्पो गेला.

यानंतर मी हे रविवारचं फिरवणं कायमचं सोडलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. चार महिने बंद ठेवलं. मग आयोजक बाईंचा फोन आला, आणि घरात बसून बसून मला माझाच वीट आला होता. गेलो परत. त्या चाळीच्या बाजूला जात नाही, एवढाच काय तो बदल. तिथे आता पत्रे ठोकलेत. लोक विचारतात, सर, ती मेलेल्या भाडेकरूची खोली कुठे? मी म्हणतो, पडली.

गेल्या रविवारची गोष्ट. मैलाच्या दगडाकडे जाताना हॉस्पिटलच्या बाजूचा फुटपाथ लागतो. तिथे पेशंटचे नातेवाईक निळं प्लास्टिक बांधून राहतात, गठडी, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. मी पुढे, माणसं मागे. एका प्लास्टिकखाली एक बाई थर्मासच्या झाकणात पेज ओतत होती, आणि तिने वर बघितलं.

आमच्या गावची. खालच्या वाडीतली सून. तिच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला बसलो होतो. शेजारी तिचा नवरा भिंतीला टेकून होता, गळ्याला रुमाल, पार वाळलेला. मी लोकांना म्हटलं, तुम्ही दगडाजवळ थांबा, आलोच. आणि तिच्यापाशी वाकलो, गुडघा कळवळला तरी वाकलो.

"कधी आलीस?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे इथे? अगं वेडी का खुळी तू! माझं घर आहे ना. दोन खोल्या आहेत, आम्ही दोघंच. उचल सामान. टॅक्सी करतो."

तिने झाकण नवऱ्याच्या हातात दिलं, नीट धरलंय ना ते बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "नको. तुमच्याकडे उतरूक नको म्हणान काकांनी सांगल्यानी."

तेवढ्यात मागे बूट वाजले. माणसं काही दगडाजवळ थांबली नव्हती, माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. पाचसहा जण, एकाच्या हातात मोबाइल. एक मुलगी वाकून गोड आवाजात म्हणाली, "सर, या तुमच्या ओळखीच्या का?"

मी हो म्हणणार होतो. शपथेवर सांगतो, म्हणणार होतो. पण त्या बाईने आधी मोबाइलकडे बघितलं, मग पदर डोक्यावर ओढून नवऱ्याच्या पुढ्यात सरकली आणि म्हणाली, "नाय ओ. रस्तो इचारी होतंय. हॉस्पिटलाचा गेट खय ता."

गेट तिच्या पाठीमागे दहा पावलांवर होतं. तीन आठवडे ती त्यातूनच आत-बाहेर करत होती. सगळे माझ्याकडे बघत होते, सर सांगतील म्हणून.

"हे काय, मागेच," मी हात करून म्हणालो. "सरळ जा."

तिने मान वळवून नीट बघितलं. "बरां," म्हणाली, आणि नवऱ्याच्या हातातलं झाकण परत घेऊन त्यात उरलेली पेज ओतायला लागली.